सौधर्म इंद्राचं योगाचं सामान

आपल्याला मांडी घालता येत न्हाय, हे माणसाला कधी कळावं? जेवताना कळावं, लग्नाच्या पंगतीत कळावं. मला कळलं भर बस्तीत, चारशे माणसांपुढं, टाळ्या वाजून झाल्यावर.

मी जयपाल मगदूम. शाहूपुरीत मोटार-पंपाच्या सामानाचं दुकान हाय. वय अठ्ठावन्न, वजन शहाण्णव, तेबी सकाळी उपाशीपोटी. बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. तिथं यंदा कार्तिकात सिद्धचक्र विधान ठरलेलं, आठ दिवसांची पूजा. या पूजेत एक जोडपं सौधर्म इंद्र आणि इंद्राणी होऊन सगळ्यांच्या पुढं बसतंय. डोक्याला मुकुट, गळ्यात हार, अंगावर केशरी कपडे. मान मोठा असतोय, म्हणून तो बोली लावून ठरतोय.

आता माझी बायको. अरुणा. तिला या विधानाच्या पूजा तोंडपाठ. लग्न होऊन आली तवापासनं, म्हणजे तेहतीस वर्षं, बायकांच्या घोळक्यात मागं बसून ती त्या म्हणती. पूजा सांगणारे उपाध्ये कुठं अडखळले की मागनं हिचा आवाज येतोय आणि उपाध्यांची गाडी पुढं सरकती. एकदाच, फक्त एकदाच, स्कूटरवर मागं बसून येताना ती म्हणली होती, "एकदा इंद्राणी होऊन पुढं बसायचं होतं बघा." मी काय बोललो न्हाय. पुढं सिग्नल लागलेला. त्या सिग्नलला बारा वर्षं झाली.

बोलीच्या रविवारी मी मागच्या रांगेत होतो, खुर्चीवाल्यांच्या. आमच्या बस्तीत खाली बसणाऱ्यांचा एक समाज हाय आणि खुर्चीवाल्यांचा एक. मी अकरा वर्षांपूर्वी त्या दुसऱ्या समाजात गेलो आणि परत आलो न्हाय. दुकानात फिरती खुर्ची, घरात डायनिंग टेबल, गाडीत सीट. खाली बसायचं कामच काय पडलं न्हाय.

बोली सुरू झाली. आदगोंडा पाटील उभे राहिले. वय अडुसष्ट, शिरोळकडं ऊस, आणि बसायला लागला तर माणूस खांबासारखा बसतोय. त्यांनी आकडा वाढवला की सगळे माना डोलवत होते. मी सहज बायकांकडं बघितलं. अरुणा आदगोंडांच्या बायकोकडं बघत होती. तोंडावर काय राग न्हाय, हेवा न्हाय. एस्टी निघून गेल्यावर माणूस जसा बघतोय, तशी बघत होती. मला काय झालं कुणास ठाऊक, माझा हात वर गेला. आदगोंडा चढले, मी चढलो. ते परत चढले. मी म्हटलं, दोन लाख एक! म्हणजे तोंड माझं होतं, पण बोललं कोण ते मला अजून कळलेलं न्हाय.

टाळ्या झाल्या. अरुणानं तोंडावर पदर घेतला. उपाध्ये उठून माझ्यापाशी आले, हात जोडले आणि म्हणले, "जयपालअण्णा, पुण्यवान हायसा. आठ दिवस मांडी घालून बसायचं. शेवटच्या दिवशी सहा-सात तास धरा. मधनं उठायचं न्हाय. आपल्या बस्तीचा नियमच हाय, इंद्र उठला की जोडी उठली. मग आदगोंडा अण्णांना बसवावं लागंल, त्यांचा नंबर दुसरा हाय."

मी म्हटलं, "उठतोय कशाला?"

आणि खुर्चीवरनं उठायला गेलो तर गुडघा कट्टकन वाजला. उपाध्यांनीबी ऐकला.

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी हॉलमध्ये फरशीवर बसून बघितलं. बसलो म्हणजे पडलो. उजवा पाय आला, डावा म्हणला मी येत न्हाय. डावा ओढला तर उजवा सुटला. दोन्ही गुडघे छातीपाशी, हात मागं टेकलेले, अशा अवस्थेत मी मिनिटभर राहिलो. अरुणा आतनं केशरी साडी दाखवायला घेऊन आली. कधी घेतलेली काय म्हाईत, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, साडीकडं बघितलं आणि साडी घेऊन आत गेली. बोलीचे पैसे गेले तर गेले, दुकान हाय. पण मी उठलो तर ती उठणार. बारा वर्षांनी मिळालेल्या जागेवरनं, चारशे माणसांदेखत, माझ्या ढुंगणापायी.

आमचा अनेकांत, पोरगा, दुकानात माझ्या हाताखाली असतोय. म्हणजे तो म्हणतोय मी त्याच्या हाताखाली हाय. तो म्हणला, "पप्पा, योगा लावा. दोन महिने आहेत."

राजारामपुरीत एका माडीवर राजनंदिनी मॅडमचा क्लास हाय. पोरगी नेसरीकडची, असंल सव्वीस-सत्तावीसची, पण बोलायला एक नंबर सडेतोड.

"काका, त्रास काय?"

"मांडी येत न्हाय."

"किती वर्षं?"

"अकरा."

"आणि कधीपर्यंत यायला पाहिजे?"

"कार्तिक शुद्ध अष्टमीला. सकाळी सातला."

हसली न्हाय, हे तिचं मोठेपण. म्हणली, "बघा काका, पहिल्या महिन्याला काहीही विकत आणायचं नाही. घरातली सतरंजी आणा. कपडे सैल. ब्लॉकच्या जागी दोन जाडजूड पुस्तकं, पट्ट्याच्या जागी पंचा, बुडाखाली घ्यायला एक घट्ट उशी. अगदी घ्यायचंच असलं तर साधी चटई घ्या, पाच-सहाशेची, फार जाड नको. फीसुद्धा महिन्याचीच भरा. निम्मी लोकं पंधरा दिवसांत पळतात. टिकलात तर पुढचं बघू."

मला राग आला. अहो, मी धंदा काय करतोय? शेतकरी दुकानात येऊन म्हणला की हलकीतली केबल द्या, तर मी त्याला सरळ सांगतोय, पाणी दीडशे फूट खोल हाय आणि तू केबलीत पैसे वाचवतोयस व्हय? मोटार जळंल. आणि ही कालची पोरगी मला सतरंजी सांगती! सतरंजीवर इंद्र बसतोय काय? मी तिथल्या तिथं वर्षाची फी भरली. ती नको नको म्हणत होती. तीस वर्षांत पैसे नको म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं, आणि त्याचंबी ऐकलं न्हाय.

घरी येऊन बिलबुकाच्या मागं बजेट काढलं. पाच हजार. खाली दोन रेघा मारल्या, म्हणजे आता यात बदल न्हाय. संध्याकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं मला पायापासनं डोक्यापर्यंत बघितलं आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी ओळखलं. कारण नवीन बोअर मारलेला शेतकरी दुकानात शिरला की माझ्याबी तोंडावर तेच येतंय.

"या पावणं. योगा? सुरुवातच हाय न्हवं? मग एकदाच चांगलं घ्या."

एकदाच चांगलं घ्या. हे वाक्य मी दिवसातनं वीस वेळा गिऱ्हाइकाला टाकतोय. स्वतःवर टाकल्यावर एवढं गोड लागतंय हे म्हाईत नव्हतं.

पहिली चटई घेतली. भारीतली, गादीएवढी जाड. मग कॉर्कचे ब्लॉक, विटेएवढे, दोन. मग पट्टा. मग बोल्स्टर, म्हणजे मराठीत लोड, पण लोड म्हणलं की तीनशेला मिळतोय आणि बोल्स्टर म्हणलं की अठराशेला. बसायची गोल उशी वेगळी. दोन ट्रॅक पँट. घाम पुसायचा नॅपकिन, तोबी योगाचाच, साधा घाम त्यानं पुसायचा न्हाय बहुतेक. शेवटी त्यानं एक चाक काढलं. मोठं, निळं, आतनं पोकळ.

"हे कशाला?"

"पाठ मोकळी करायला. ह्याच्यावर मागं वाकायचं."

मला पुढं वाकता येत नव्हतं. मी ते घेतलं.

पाच हजाराच्या दोन रेघा पहिल्याच दिवशी ओलांडल्या. नंतर क्लासात जाड चटईवर एका पायावर उभा राहिलो तर पाय गादीत रुतल्यागत हालाय लागला आणि शेजारच्या डॉक्टरीणबाईंच्या अंगावर गेलो. मॅडम म्हणल्या, "म्हणून म्हणाले होते, जाड नको." मग दुसरी चटई घेतली. पहिली आता वॉशिंग मशीनखाली हाय, मशीन लई मजेत हाय. एक ट्रॅक पँट वीरभद्रासनात गेली, मागच्या शिवणीवर. आवाज असा आला की सगळ्या क्लासनं डोळे उघडले, आणि मॅडमनी तर नुकतंच डोळे मिटायला सांगितलं होतं. चाकाचं तर विचारूच नका. त्याच्यावर बसून बघितलं, ते माझ्या खालनं सटकलं, माडीच्या दारातनं जिन्यावर गेलं आणि टप्पे खात खाली रस्त्यावर. फळवाल्यानं वर आणून दिलं आणि विचारलं, कुठल्या गाडीचं हाय?

एकूण आकडा चोवीस हजारावर गेला. अनेकांत म्हणला, "पप्पा, ह्यात मोटार बसली असती की." मी म्हटलं, "गप बस, इंद्राचा पोरगा हायस."

मॅडमनी मांडी मात्र आणली, खोटं कशाला बोलू. महिन्याभरानं मला बसता यायला लागलं. कसं, ते सांगतो. खाली चटई. चटईवर बोल्स्टर, त्याच्यावर गोल उशी, तिच्यावर मी. उजव्या गुडघ्याखाली एक ब्लॉक, डाव्याखाली दुसरा. कमरेपासनं गुडघ्यापर्यंत पट्टा आवळलेला. पाठीला भिंत. या सगळ्यात मी चाळीस मिनिटं बसत होतो, आणि तेबी हसतमुख. फोटो काढून आमच्या समाजाच्या ग्रुपवर टाकला. दोनशे अंगठे आले. आदगोंडा पाटलांनी नुसते हात जोडले.

मॅडम म्हणल्या, "काका, छान. आता दर आठवड्याला एकेक कमी करायचं. आधी पट्टा, मग एक ब्लॉक."

"कमी करायचं?"

"हो. हे शिकण्यापुरतं असतं. उंची कमी कमी करत जमिनीवर यायचं."

"मग घेतलं कशाला?" मी म्हटलं. "नऊशेला एक ब्लॉक हाय मॅडम. पैसे दिलेलं सामान बाजूला ठेवायचं व्हय?"

त्यांनी पट्ट्याची घडी करून माझ्यापुढं ठेवली. मग म्हणल्या, "काकी येत नाहीत का? त्यांनाही बसायचं आहे ना?" मी घरी येऊन अरुणाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणली, "मला कशाला, मी बसते की रोज." मला पटलं. तिला आठ दिवस काय, आठ महिने बसवलं तरी बसंल, असं माझं ठाम मत होतं.

तिचा सगळा जीव आता त्या विधानात. सकाळी काम करताना पूजा गुणगुणायची, रात्री जुनी पोथी काढून बसायची. हाराचा धागा बदलून घेतला, माझं केशरी धोतर दोनदा धुऊन इस्त्री केलं. मी चटईवर बसलो की चहा आणून द्यायची आणि लांब उभी राहून घड्याळ बघायची. चाळीस मिनिटं झाली की तिच्या तोंडावर जे येत होतं ना, त्याच्यासाठी मी आणखी चोवीस हजार घातले असते. खरं सांगतो.

विधान चार दिवसांवर आलं आणि उपाध्ये नियम सांगायला घरी आले. पूजेचे कपडे कसे, जेवण एकदाच, पाणी किती वाजेपर्यंत. सगळं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "आता माझी बैठक बघा." आणि ऐटीत माझ्या सिंहासनावर चढून बसलो. पट्टा आवळला. हात मांडीवर ठेवले.

उपाध्यांनी चष्मा पुसला.

"अण्णा, हे सगळं तिथं आणणार?"

"मग?"

"रबर, फोम, शिवलेल्या गाद्या मांडल्यापाशी, पूजेच्या रांगोळीपाशी न्हाय चालत. लाकडी पाट असतोय. वर धुतलेल्या कापडाची घडी, एवढंच."

"ब्लॉक कॉर्कचा हाय. कॉर्क म्हणजे लाकूडच की."

"आणि मागं भिंत न्हाय, अण्णा. मागं आदगोंडा अण्णा हायत."

ते गेल्यावर मी पाटावर बसून बघितलं. अरुणा घड्याळ घेऊन उभी होती. तीन मिनिटं. त्यातलं शेवटचं अर्धं मी कण्हत काढलं. तिनं घड्याळ उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणली, "होईल." एवढंच. मला मॅडमना फोन करायला तोंड नव्हतं, तरी केला. त्या म्हणल्या, "काका, तुम्ही बसायला शिकलाच नाही. तुम्ही सामानावर बसायला शिकलात." बरोबर हाय. आयुष्यात एवढा स्वच्छ हिशोब मला कुणी काढून दिला न्हाय.

या विधानाचा एक हिशोब मी तुम्हाला सांगितला न्हाय. पहिल्या दिवशी आठ अर्घ्य वाहायची. म्हणजे ताटात फळ, तांदूळ घेऊन मंत्र झाला की अर्पण करायचं. दुसऱ्या दिवशी सोळा. तिसऱ्या दिवशी बत्तीस. रोज दुप्पट. आठव्या दिवशी एक हजार चोवीस. मी पंपवाला माणूस, आकडे मला लवकर समजत्यात. आठ हसत गेली. सोळाला पायाला मुंग्या. बत्तीसला मुंग्यांची वारुळं. चौसष्टला डावा पाय माझा हाय का पाटाचा, हे कळत नव्हतं. रात्री अनेकांत तेल चोळायचा आणि म्हणायचा, "पप्पा, अजून निम्मंसुद्धा झालं नाही." तेल चोळायला ठेवलेलं माणूस आकडे का सांगतंय?

पाचवा दिवस. एकशे अठ्ठावीस.

सकाळची वेळ, बस्ती खचाखच. मी मुकुट घालून, केशरी धोतरात, घामानं निथळतोय. शेजारी अरुणा. पण ती बाई काय दिसत होती, काय सांगू! डोळे मिटलेले, ओठ हलतायत, उपाध्यांच्या आधी हिचा मंत्र पूर्ण. तेहतीस वर्षं मागनं आलेला आवाज आज सगळ्यांच्या पुढनं येत होता, आणि मागं बायका तिच्या मागोमाग म्हणत होत्या. ताट दोघांनी मिळून धरायचं असतंय. तिच्या हाताला कंप न्हाय. माझ्या हातातले तांदूळ उड्या मारतायत.

सदुसष्टाव्या अर्घ्याला पोटरीत गोळा आला. गोळा म्हणजे असा की मी मंत्राच्या मधे "आई गं!" म्हणालो, स्वाहाच्या जागी. आणि डाव्या अंगावर आडवा झालो. मुकुट सुटला, घरंगळत गेला आणि खांबाला जाऊन थांबला. ताटातला नारळ त्याच्या मागोमाग. लहान पोरं तेवढी हसली.

मी तसाच आडवा. मागं बघितलं तर आदगोंडा पाटील अर्धे उठलेले. धोतर-उपरणं नेसून तयारच, पाच दिवस. त्यांचा काय दोष न्हाय, नंबर त्यांचाच होता. त्यांची बायको पदर सावरत होती. आणि अरुणा ताट धरून तशीच बसलेली. माझ्याकडं बघत नव्हती. ताटाकडं बघत होती. दोघांनी धरायचं ते ताट तिनं एकटीनं धरलेलं.

उपाध्ये खाली वाकले. हळू आवाजात म्हणले, "अण्णा, उठता का?"

उठता का, म्हणजे काय, ते मला म्हाईत होतं, तिला म्हाईत होतं, सगळ्या बस्तीला म्हाईत होतं.

"उठत न्हाय," मी म्हटलं. "खुर्ची आणा."

"काय?"

"खुर्ची. माझी. मागच्या रांगेतली."

कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणलं, इंद्र खुर्चीवर? मला शरमेनं मेल्यासारखं झालं, पण आता उरलंय काय शरमायला? पोटरीत गोळा, मुकुट खांबापाशी. मी आडव्यानंच म्हटलं, "उपाध्ये, नियम उठायचा न्हाय, असा हाय. मांडीचा नियम कुठल्या पोथीत हाय दाखवा, मी आत्ता घरी जातो. मी जागा सोडत न्हाय. फक्त उंच होतोय."

उपाध्ये पोथीची दोन पानं मागं गेले, दोन पुढं आले. मग म्हणले, "धुऊन आणा."

लाल प्लॅस्टिकची खुर्ची धुऊन आली. अनेकांतनं आणि दुसऱ्या दोघांनी मला काखेत धरून तीवर ठेवलं. उठवलं असं कुणी म्हणू नये म्हणून माझा एक पाय पाटाला टेकलेलाच होता, मी मुद्दाम ठेवलता. मुकुट परत घातला. तो तिरका बसला. समोर सगळी बस्ती, मधे लाल खुर्चीवर शहाण्णव किलोचा सौधर्म इंद्र, गुडघे फाकलेले. मागनं हसण्याचा आवाज दाबून दाबून येत होता. येऊ दे. मी खाली अरुणाकडं बघितलं. तिची जागा तिथंच होती. मला वाटलं, ती आता मंत्र सुरू करंल.

ती खुर्चीकडं बघत होती. खुर्चीच्या पायाकडं. मग उपाध्यांना म्हणली, "अजून एक धुऊन मिळंल का?"

मला वाटलं ताट मागती. उपाध्यांनाबी तसंच वाटलं. ते म्हणले, "काय वहिनी?"

"खुर्ची."

आणि तिनं ताट माझ्या हातात दिलं, एक हात फरशीला टेकला, दुसरा माझ्या खुर्चीला, आणि उठायला बघितलं. झालं न्हाय. परत बघितलं. दोन बायका पुढं आल्या, एकीनं काखेत हात घातला, दुसरीनं कमरेला. मधेच तिचा गुडघा वाकडा झाला आणि तिच्या तोंडातनं असा आवाज आला, जो मी तेहतीस वर्षांत ऐकला न्हाय. बाळंतपणात ऐकला असंल, पण तवा मी दुकानात होतो.

एक पाय पाटावरच ठेवून ती धुऊन आणलेल्या दुसऱ्या खुर्चीवर टेकली आणि डोळे मिटून लांब श्वास सोडला.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"सात वर्षं झाली की."

"सात? आणि गप बसलीस? सांगायचं न्हाय?"

"काय सांगायचं?" ती माझा मुकुट सरळ करत म्हणली. आवाज तसाच, पोळीला तूप लावू का विचारताना असतोय तसा. "तुम्ही आधीच खुर्चीवर होता. घरातल्या एकानं तरी खाली बसायला पायजे की."

दोन महिने मी चटया, ब्लॉक, उशा आणत होतो. एक गुडघा, दोन गुडघे, माझेच दोन गुडघे. घरात आणखी दोन गुडघे हायत, हे मला मोजायला सुचलं न्हाय. ते रोज खाली बसून पोळ्या लाटतायत, पूजा करतायत, वर मला चहा आणून देऊन उभं राहून घड्याळ बघतायत. लाज वाटली. मुकुट पडला तवा वाटली नव्हती एवढी वाटली. डोळ्यांत पाणी आलं, आणि इंद्राला पुसायला हात मोकळे नव्हते, ताट होतं.

"रडताय काय," ती हळूच म्हणली. "लोकं बघत्यात."

"बघू दे."

"अजून साठ-एक राहिल्यात आजची. उद्या दोनशे छप्पन. म्हणा आता."

तिनं माझ्या हाताखाली हात घालून ताट उचललं आणि मंत्र सुरू केला, उपाध्यांच्या आधी. मी स्वाहा म्हणालो. या वेळी बरोबर जागेवर म्हणालो.